सोलापूरच्या उन्हात पांढऱ्या गराचा पीच : वाण निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेल्या आणि मर रोगाने डाळिंबात हात पोळलेले बागायतदार सध्या नव्या फळाच्या शोधात आहेत. ड्रॅगन फ्रूट झालं, सफरचंदाची रोपं आली, आता पीचची विचारणा होते. ज्यांनी पांढऱ्या गराचा पीच एकदा झाडावर पिकलेला खाल्ला आहे, त्यांच्या जिभेवरून ती चव जात नाही, आणि मग ते रोपं शोधायला लागतात. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या माझ्या मुरमाड रानात मी अशी बारा झाडं लावली. नऊ आज उभी आहेत. ती बघायला येणारे लोक बांधावर उभं राहून जे विचारतात, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

सोलापुरात पीच येतो का? थेट सांगा.

झाड येतं, आणि चांगलं वाढतं. फळ मात्र सहजासहजी धरत नाही. मागच्या हंगामात माझ्या नऊ झाडांवर मिळून दोन क्रेटही भरले नाहीत. त्यामुळे विक्रीसाठी म्हणून आज एक एकरही लावू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. घराजवळ, लक्ष ठेवता येईल अशा जागी पाच-दहा झाडं लावून बघायची असतील तर पुढचं सगळं वाचा.

इथं अडचण उन्हाची आहे ना?

सगळे असंच समजतात. मे महिन्यातला ४२ अंशांचा पारा झाडाला त्रास देतोच, पण पाणी आणि आच्छादन असेल तर झाड तो काढतं. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीची आहे. पीच हे पानगळीचं झाड. थंडी लागली की ते पानं टाकून झोपी जातं, आणि पुरेशी थंडी अंगावर घेतल्याशिवाय त्याचे डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, नीट फुटत नाहीत. शून्य ते ७.२ अंश सेल्सिअस या टप्प्यात हिवाळाभरात किती तास गेले, ते मोजायची जुनी पद्धत आहे. त्यांना थंडीचे तास म्हणतात. प्रत्येक वाणाची गरज त्याच तासांत सांगितली जाते.

आता आपल्याकडचा हिशोब बघा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० ते ४८० मीटरवर आहे. जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान १५-१६ अंशांच्या आसपास, आणि दुपारी पारा तिशीला टेकतो. मी शेवग्याच्या झाडाखाली, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी कमाल-किमान तापमापक टांगला आणि दोन हिवाळे रोज सकाळी वहीत आकडा लिहिला. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, जेव्हा आपण शेकोटी सोडायला तयार नसतो, तेव्हाचा सगळ्यांत कमी आकडा साडेनऊ होता. म्हणजे ७.२ च्या खाली एक तासही नाही.

थंडी मोजायची दुसरी एक पद्धत अमेरिकेतल्या यूटा राज्यातून आली. तिच्यात साधारण अडीच ते नऊ अंशांना पूर्ण गुण, नऊ ते साडेबारापर्यंत अर्धा गुण, आणि १६ अंशांच्या वर गेलं की मिळालेले गुण वजा. पहाटे कमावलेलं आपली दुपार खाऊन टाकते आणि बेरीज शून्याच्याही खाली जाते. इस्रायलमध्ये उष्ण भागासाठी बसवलेली तिसरी पद्धत जास्त खरी मानतात. तिच्यानुसार साठलेल्या थंडीचा काही भाग एकदा पक्का झाला की नंतरचं ऊन तो पुसू शकत नाही. म्हणूनच आपल्याकडेही एखाद्या थंड वर्षी काही झाडं फुलतात. पण त्या एका वर्षावर बागेचा हिशोब मांडता येत नाही.

रोपवाटिकेत सांगतात, "लो चिल वाण आहे, कुठंही येतं." खरं का?

पहिलं वाक्य खरं असतं, दुसरं नाही. डोंगराळ भागातल्या पारंपरिक पीचला ८०० ते १००० तास थंडी लागते. त्याच्यासमोर १५० तास म्हणजे खूपच कमी, म्हणून ते लो चिल. पण १५० म्हणजे शून्य नव्हे. पंजाबात हे वाण का यशस्वी झाले, तर लुधियानाला जानेवारीच्या रात्री सरासरी सहा अंशांच्या आसपास उतरतात. आपल्याकडे तशी एक रात्र मिळत नाही.

तेव्हा विकणाऱ्याला एवढंच विचारा : या वाणाला किती तास लागतात, आणि तुम्ही फळ धरलेलं झाड सोलापूरसारख्या हवेत कुठं पाहिलं? फोटो नको, पत्ता मागा.

गर पांढरा कशामुळे होतो? आणि पांढरा म्हणजे जास्त गोड का?

पिवळ्या गरात कॅरोटिन जातीची रंगद्रव्यं साठतात. पांढऱ्या गराच्या पीचमध्येही ती तयार होतात, पण एक विकर (एन्झाइम) त्यांना मोडून टाकतं. ज्या झाडात या विकराचा जनुक बिघडला, त्याचा गर पिवळा राहिला. म्हणजे पांढरा हा मूळचा आणि पिवळा नंतरचा. पांढरा प्रभावी गुण आहे.

गोडीचं म्हणाल तर आंबटपणा ठरवणारा जनुक वेगळाच आहे. पांढऱ्या गरातही आंबट-गोड आणि नुसते गोड असे दोन्ही प्रकार असतात. पांढऱ्याचं खरं वैशिष्ट्य त्याचा वास, फुलासारखा. आणि त्याचा दोष त्याच्या रंगातच आहे. पांढऱ्या गरावर बोट जरा जोरात दाबलं गेलं तरी तासाभरात तपकिरी डाग उमटतो. पिवळ्यात तो लपतो, पांढऱ्यात लपत नाही.

मग पांढऱ्या गराचे कोणते वाण विचारात घ्यायचे?

रंग सगळ्यांत शेवटी बघा. आधी थंडीची गरज, मग फुलापासून फळ पिकेपर्यंतचे दिवस, मग खुंट (ज्या रोपाच्या मुळांवर कलम बांधतात ते), आणि या तीन चाळण्यांतून जे उरेल त्यात पांढरं काय आहे ते शोधा. माझी पहिली चूक हीच होती. मी चव आठवून वाण निवडला होता.

फ्लोरडाग्लो हा फ्लोरिडा विद्यापीठाचा वाण. साधारण १५० तास थंडी, फुलल्यापासून ऐंशीएक दिवसांत फळ तयार, गर पांढरा आणि तोंडात विरघळणारा. आपल्या हवेसाठी पांढऱ्यांपैकी पहिला विचार याचा करावा असं मला वाटतं. कारण एकच : फळ लवकर हातात येतं आणि झाड उन्हाळ्याच्या कडाक्यात फळांच्या ओझ्याशिवाय जातं.

ट्रॉपिक स्नो हाही तिथलाच. थंडीची गरज थोडी जास्त, २०० तासांच्या आसपास, आणि फळाला शंभरेक दिवस लागतात. फळ मोठं, चव फ्लोरडाग्लोपेक्षा सरस. पण ते वीस दिवस आणि ते पन्नास तास आपल्याला महागात पडतात. माझ्याकडे याची दोन झाडं आहेत. एकावर आजवर चार फळं आली, दुसऱ्यावर एकही नाही.

आपल्या देशातले दोन पांढरे वाण सहारनपूरचे. शरबती हा जुना, रसाने भरलेला, अतिशय मऊ. उत्तरेत तो जूनच्या शेवटी पिकतो. आपल्याकडे तोवर मृग लागून गेलेला असतो, म्हणून शरबती मी बाद धरतो, मनाला लागलं तरी. शरबती आणि फ्लोरडासन यांच्या संकरातून आलेला सहारनपूर प्रभात मात्र लवकर येतो. उत्तरेत तो एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला पिकतो. उत्तरेतून रोपं मागवणं सोपं असल्याने हा वाण हाताशी येण्यासारखा आहे.

रेड सिलोन हे नाव कानावर येईल. नावाप्रमाणे श्रीलंकेतून अमेरिकेत गेलेला, थंडीची गरज फक्त ५० ते १०० तास, गर पांढरा आणि कोयीजवळ लालभडक. कागदावर आपल्यासाठी हाच सगळ्यांत जवळचा. चवीला मात्र थोडी कडसर झाक आहे. खाण्यापेक्षा नवे वाण तयार करणाऱ्यांनी त्याचा जास्त उपयोग केला. तरी मिळाला तर एक झाड लावाच, आपल्या हवेत डोळा फुटतो की नाही हे तो सगळ्यांत आधी सांगेल.

बॅबकॉक हा कॅलिफोर्नियाचा १९३३ चा वाण, चवीला फार नावाजलेला. त्याला अडीचशे ते तीनशे तास लागतात. आपल्यासाठी नाही.

शान-ए-पंजाब पांढरा आहे का?

नाही, पिवळा. फ्लोरडाप्रिन्स आणि अर्ली ग्रँडही पिवळेच.

फळ धरेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. तोवर रोप पांढऱ्या गराचंच आहे हे ओळखायचं कसं?

मला हे ठाऊक असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती. पहिल्या खेपेला पांढऱ्या गराची म्हणून आणलेल्या पाच रोपांपैकी दोन पिवळी निघाली, आणि ते कळलं तिसऱ्या वर्षी, फळ कापल्यावर. घरातले सगळे ताटाभोवती बसले होते. सुरी फिरली आणि आत हापूससारखा रंग. ज्यांनी रोपं दिली त्यांनी फोन उचलणं बंद केलं होतं.

पहिलं फूल आलं की ओळखता येतं. फूल हळूच तोडा, पाकळ्या काढून टाका, आणि नखाने खालची पेल्यासारखी वाटी उभी चिरा. तिची आतली बाजू गडद नारिंगी दिसली तर गर पिवळा असणार. फिकट हिरवट-पिवळी दिसली तर पांढरा. पीच उत्पादकांची ही जुनी खूण आहे आणि माझ्या ज्या झाडांवर फळ आलं त्या सगळ्यांवर ती बरोबर निघाली. एकच फूल खर्ची पडतं.

खाल्लेल्या पीचची कोय लावली तर?

कोयीचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. शिवाय शहरातल्या दुकानात मिळणारा पीच बहुधा थंड मुलखातला असतो, म्हणजे त्याच्या झाडाला शेकडो तास थंडी हवी. बी रुजायलाही फ्रीजमध्ये ओलसर वाळूत दोन-तीन महिने ठेवावी लागते. मुलांना रोप उगवताना दाखवायचं असेल तर जरूर करा, बागेसाठी कलमच आणा. कोयीच्या आतली बी मुलं फोडून खाणार नाहीत एवढं बघा. तिच्यातल्या अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होतं.

डाळिंबासारखा पाण्याचा ताण देऊन, इथ्रेल हे पानं गाळणारं औषध मारून पानगळ करून बहार धरता येईल का?

सोलापूरच्या माणसाने विचारावा असाच हा प्रश्न आहे. बहार धरणं आपल्याइतकं कुणाला कळतं? आणि विचाराची दिशा चुकीची नाही. इंडोनेशियात जावा बेटावर बाटू नावाचा भाग आहे. तिथले शेतकरी तोडणीनंतर सफरचंदाची पानं हाताने ओरबाडून काढतात आणि थंडीशिवाय वर्षात दोन बहार घेतात. यामागचं तत्त्व असं की झाड गाढ झोपेत जाण्याआधीच त्याला हलवून उठवायचं. एकदा ते खोल झोपलं की थंडीशिवाय उठत नाही. उष्ण कटिबंधातल्या उंच प्रदेशांत पीचवरही ही पद्धत वापरतात.

पण दोन गोष्टींत आपला हात डाळिंबाच्या सवयीने चुकतो.

एक, इथ्रेल. डाळिंबाला ते चालतं. पीच, आलुबुखार अशा कोयीच्या फळझाडांना इथ्रेलमुळे खोडातून डिंक सुटण्याचा धोका असतो. मी एका झाडाच्या एकाच फांदीवर, डाळिंबाला देतो त्याच्या निम्म्या प्रमाणात मारून पाहिलं. पानं पडली, आणि आठ-दहा दिवसांत फांदीवर जागोजागी मधाच्या थेंबासारखा डिंक लोंबायला लागला. पावसाळ्याआधी ती फांदी वाळली. त्यानंतर मी पानं हातानेच काढतो. दहा झाडांना दोन माणसं एका सकाळीत पुरतात. पान काढताना काडीच्या टोकाकडे ओढायचं नाही, खाली देठाशी मोडायचं, म्हणजे बगलेतला डोळा निघून येत नाही.

दुसरी, ताण. डाळिंबाला महिना-दीड महिना पाणी तोडतो तसं पीचला तोडू नका. पीचची मुळं तेवढी काटक नाहीत. ऑक्टोबरचा पाऊस संपल्यावर पाणी हळूहळू कमी करत आणा, पानं मलूल दिसायला लागली की पाणी आणखी कमी करणं थांबवा. मी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पानं काढतो, लगेच छाटणी करतो आणि चार दिवसांनी ठिबक सुरू करतो. फूल येतं ते डिसेंबरअखेर ते जानेवारीत, दिवस आपल्याकडे त्यातल्या त्यात निवळलेला असताना. फुलाच्या वेळी दुपार तिशीच्या पुढे गेली की सेटिंग, म्हणजे फळ धरणं, मार खातं, म्हणून त्याहून उशीर नको.

द्राक्षात ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते पीचला चालेल?

जगात काही ठिकाणी पीचला ते वापरतात, आणि थोडी थंडी कमी पडली असेल तर ती भरूनही निघते. थंडीच नसेल तर औषध तिची जागा घेत नाही. वेळ चुकली, म्हणजे कळी फुगल्यावर मारलं, तर फूलकळ्या जळतात. पीचच्या कळ्या द्राक्षाच्या डोळ्यापेक्षा नाजूक असल्याने द्राक्षाचं प्रमाण इथं लावू नका.

पंढरपूर भागातल्या द्राक्षबागांतल्या मजुरांना हे माहीत असतं, तरी लिहून ठेवतो : हे औषध अंगावर पडलं तर कातडी जळते, आणि ते हाताळणाऱ्याने आधी आणि नंतरचे काही दिवस दारू घेतली तर जीव घाबरा होण्यापर्यंत वेळ येते. हातमोजे, चष्मा आणि स्पष्ट सूचना यांशिवाय कुणाच्या हाती ते देऊ नका. दहा झाडांसाठी मी स्वतः ते वापरत नाही.

परागीकरणासाठी दोन वाण लावावे लागतात का?

नाही. वर सांगितलेले वाण स्वतःच्याच परागावर फळ धरतात.

जमीन कशी हवी? माझं रान काळं आहे.

भारी काळ्या रानात पीच लावू नका. आपला सगळ्यांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. काळी जमीन तेव्हा पाणी धरून बसते आणि पीचच्या मुळांना पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. हवा तुटली की मुळांतल्याच एका घटकापासून सायनाइड सुटतं आणि मुळं स्वतःच मरतात. माझी तीन झाडं अशीच गेली. रानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं एका सप्टेंबरात तीन दिवस पाणी थांबलं होतं. चौथ्या दिवशी पानं हिरवीच होती, फक्त लोंबत होती. दहाव्या दिवशी झाड उपटून बघितलं तर मुळांची साल हाताला चिकटून निघाली आणि आत काळं.

मुरमाड, निचऱ्याची, उताराची जमीन हवी. नसेल तर दीड-दोन फूट उंचीचे गादीवाफे करा.

आपल्या भागातली दुसरी खोड म्हणजे चुनखडी. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान लिंबासारखं पिवळं होतं.

खुंट कोणता मागायचा?

वाणाइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक जण विचारतच नाहीत.

आपल्याकडे बरीच माणसं डाळिंब काढलेल्या रानात पीच लावायला निघतात. त्या रानात मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी ठाण मांडून बसलेले असतात, आणि पीचलाही ते तितकेच आवडतात. फ्लोरडागार्ड आणि निमागार्ड हे खुंट सूत्रकृमींना दाद देत नाहीत, पण चुनखडीत पिवळे पडतात. पीच आणि बदामाच्या संकरातला जीएफ-६७७ चुनखडीत हिरवागार राहतो, पण सूत्रकृमींपुढे टिकत नाही. लाल पानांचा गार्नेम दोन्ही बाजूंनी बरा, मात्र तो आपल्याकडे सहज मिळत नाही. उत्तरेतून येणारी कलमं बहुधा रानटी पीचच्या रोपांवर बांधलेली असतात. त्यांच्याकडून यांतल्या कशाचीच खात्री धरू नका.

म्हणून रान बघून ठरवा. डाळिंबाचं जुनं रान असेल तर आधी मुळांजवळची माती तपासून घ्या. सूत्रकृमी निघाले तर ती जागाच सोडा. कोऱ्या रानात फक्त चुनखडीशी सामना असेल तर जीएफ-६७७ मागा.

बोअरचं पाणी चालेल का?

मचूळ पाणी डाळिंब पचवतं, पीच पचवत नाही. मुळांजवळच्या मातीची क्षारता १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं, आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण पाचवा हिस्सा कमी होत जातं. उजनीच्या कालव्याचं किंवा शेततळ्यातलं पावसाचं पाणी असेल तरच पुढे जा. फक्त बोअरवर अवलंबून असाल तर आधी पाण्याची तपासणी करून घ्या, रोपांची मागणी नंतर.

छाटणी आणि विरळणी किती?

पीच गेल्या वर्षीच्या काडीवर फळतो, एकदा फळलेली काडी पुन्हा फळत नाही. म्हणून दरवर्षी मोकळ्या हाताने छाटायचं, मधोमध झाड उघडं ठेवून पेल्यासारखा आकार द्यायचा. पण आपल्या उन्हात आतल्या फांद्यांवर थेट सूर्य पडून साल भाजते, त्यामुळे नैर्ऋत्येकडची पालवी थोडी राखा आणि बुंध्याला डाळिंबाला लावतो तशी बोर्डो पेस्ट किंवा चुना लावा. फळं बोराएवढी झाली की वीतभर अंतरावर एक ठेवून बाकीची काढून टाका. चार फळं लागलेल्या झाडावरून दोन काढताना हात कापतो हे मला मान्य आहे. तरीही काढा.

थंडी कमी पडली हे झाडावर कसं दिसतं?

काडीच्या टोकाला दोन-चार पानं फुटतात आणि खाली सगळी काडी नागडी राहते. फुलं एकदम येत नाहीत, महिनाभर रेंगाळत येतात. कळ्या हात लावताच गळतात. फळ धरलंच तर त्याच्या टोकाला पोपटाच्या चोचीसारखा टोकदार कोंब दिसतो, आणि काही फळं सुपारीएवढीच राहून तशीच लटकतात. माझ्या ट्रॉपिक स्नोच्या चारही फळांना ती चोच होती.

कीड?

फळमाशी. जी माशी पेरू आणि आंब्यात येते तीच पीचवर तुटून पडते. शास्त्रीय पुस्तकांत तिचं नावच पीच फळमाशी असं आहे. मिथाईल युजेनॉलचे सापळे फळ रंगावर येण्याच्या महिनाभर आधी लावा, आणि फळं थोडी असल्याने प्रत्येकाला कागदी पिशवी घाला. पिशवीमुळे पोपट आणि साळुंक्यांचाही बंदोबस्त होतो.

आलेलं फळ ठेवायचं कसं, विकायचं कुठं?

पांढऱ्या गराचा पीच झाडावरून उतरवला की दोन-तीन दिवसांचा पाहुणा असतो. त्याला घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. साधारण दोन ते आठ अंशांच्या मधला गारवा पीचला सगळ्यांत वाईट. गर कोरडा, पिठूळ होतो आणि कोयीभोवती तपकिरी पडतो. आपले फ्रीज नेमके त्याच टप्प्यात चालतात. शीतगृहात पीच शून्याच्या जवळ ठेवतात. घरी तो सावलीत, एका थरात, देठाकडची बाजू खाली करून ठेवावा आणि सुगंध सुटला की त्याच दिवशी खावा.

बाजाराचा प्रश्न माझ्यापुरता अजून आलेलाच नाही. आली ती फळं घरात आणि शेजारी संपली. मार्केट यार्डात दोन क्रेट नेऊन आडत्यासमोर ठेवण्यासारखा हा माल नाही. पुढे कुणाकडे जास्त फळ आलं तर ओळखीच्या गिऱ्हाइकाला थेट, एका थराच्या खोक्यातून देणं हाच मार्ग मला दिसतो.

हे फळ आपल्या देशाला नवीन आहे का?

मुळीच नाही. मूळ चीनचं. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने लिहून ठेवलं आहे की कनिष्काच्या काळी ओलीस आलेल्या चिनी मंडळींनी ते पंजाबात आणलं, आणि इथले लोक त्याला चीनानी म्हणत. मराठीतही सप्ताळू हा जुना शब्द आहे, फारसीतून आलेला. मला तो फार आवडतो. पण रोपवाटिकेत सप्ताळू म्हणालात तर कुणाला कळणार नाही.

डाळिंब काढून पीच लावू का?

नको. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, बाजार ओळखीचा आहे. तेल्याने वैतागला असाल तर हे मला समजतं, मीही त्यातून गेलो आहे. पण ज्या झाडाला आपली हवाच मानवत नाही त्याच्यासाठी मानवणारं झाड तोडू नका. पांढरा गर, सुवास आणि उत्पन्न तिन्ही हवं असेल तर अलाहाबाद सफेदा किंवा सरदार पेरू आहे, बार्शीकडे सीताफळ आहे. दोन्हींना थंडीची वाट बघावी लागत नाही. पीचची पाच झाडं त्यांच्या कडेला लावा.

किती वर्षं वाट बघून झाड काढायचं?

मी पाच हिवाळे धरतो. पहिले दोन झाड मोठं होण्यात जातात, पुढचे तीन परीक्षेचे. जानेवारीच्या मध्याला, पानं काढल्यावर सहा-सात आठवड्यांनी, प्रत्येक झाडाच्या चार दिशांच्या चार काड्या घ्या. पीचच्या गाठीवर बहुधा तीन कळ्या असतात, मधली निमुळती पानाची आणि दोन बाजूंच्या गोल, लवदार फुलाच्या. गोल कळी नखाने मधोमध चिरा. आत हिरवट-पांढरं आणि ओलं दिसलं तर ती जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मेली. दहा कळ्यांपैकी किती जिवंत ते वहीत तारखेसह लिहा. ज्या झाडाच्या तीनही वर्षांत दहांतल्या तीन कळ्याही जिवंत निघत नाहीत, ते मी काढणार आहे. माझी दोन ट्रॉपिक स्नो येत्या जानेवारीत त्या टप्प्यावर येतात. शेजारच्या फ्लोरडाग्लोच्या मागच्या जानेवारीत दहांतल्या सहा जिवंत होत्या.